नकाशात राहून गेलेला तुकडा

लाखनीच्या हमरस्त्यावर भोजराजचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान. धानाच्या बांधीवरचा पंप जळला की माणसं त्याच्याकडेच धावत. पण त्याचा जीव कुठं म्हणाल, तर जुन्या फटफटीचं इंजिन काढून तिला बॅटरीवर पळवण्यात! पहिली गाडी इतकी मुकाट चालायची, की बाजारात तो मंदाबाई भाजीवालीच्या पाठीशी जाऊन थांबला तरी बाईला पत्ता नाही. वळून पाहते तर गाडी! "भूत हाय का गा?" म्हणत तिनं वांगंच फेकून मारलं.

दुसरा किस्सा अंगणातला. वेग द्यायच्या मुठीतली एक बारीक तार तुटली आणि गाडी त्याला घेऊन सुसाट तणसीच्या ढिगात घुसली. बायको चंद्रकला पोट धरून हसली, "बैलाच्या आधी तुमीच तणस खाले गेलते का जी?"

त्याच दुपारी त्यानं सर्किटच्या पाटीला एक तुकडा जोडला : तार तुटली की मोटर बंद. पुढं जागा नव्हती म्हणून पाटीच्या पाठीमागून कथलाचा डाग देऊन तो बसवला, आणि विसरला.

असल्या गाड्या बनवणाऱ्या चाळीसेक हौशी लोकांचा मोबाइलवर एक ग्रुप होता. तिथला रिवाज असा, की कोणी काही विकायचं नाही. चौकटीच्या वहीत हातानं सर्किटचा नकाशा काढायचा, फोटो टाकायचा, अडलेल्याला सांगायचं. भोजराजनं पाटी समोर ठेवली, दिसलं तसं काढलं. उलटी करून पाहिली नाही.

त्या नकाशावरून बपेरा गावच्या मिथुननं गाडी बनवली. मासे पकडणाऱ्या इतवारीचा हा मुलगा. तलावावरचे मासे बाजारात न्यायला त्याला गाडी हवी होती. "काका, पयल्याच झटक्यात चालू झाली!" असा त्याचा आवाज फोनवर आला, तेव्हा भोजराजनं तो दुकानातल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवला.

चैतात तलावाच्या पाळीवरून, उंच बांधावरून जाताना मिथुनच्या गाडीच्या मुठीतली तार तुटली. गाडी थांबलीच नाही. खाली दगड होते. जागीच गेला पोरगा.

ग्रुपवर हळहळ झाली. मग कोणी लिहिलं, 'नवशिका होता, जोडणी कच्ची असंल.' भोजराजनंही खाली लिहिलं, 'हो ना.'

तेरवी उलटल्यावर एक दिवस त्यानं स्वतःची गाडी खोलली. पाटी हातात उलटी झाली. तो तुकडा दिसला. भोजराजनं वही काढून नकाशाशी ताडून पाहिलं; तिथं तो नव्हताच.

"गुपचाप नवा नकाशा टाका," चंद्रकला म्हणाली. "कोनाले समजून राहिलं?"

"आन् त्याच्या बापाले? थो पोराले दोष देत जगंल त्याचं काय?"

त्यानं ग्रुपवर लिहिलं : 'नकाशात एक तुकडा राह्यला. चूक माझी, मिथुनची नाही. त्या नकाशाची एकही गाडी चालवू नका.' फोन वाजत राहिला. त्यानं उचलला नाही. बसनं बपेरा गाठलं.

इतवारी अंगणात जाळं सांधत होता. ओळख सांगताच त्यानं बाज पुढं केली. "पोट्टा तुमचं लय नाव घे, भाऊ. पन कामात घाई करे. सारं गाव म्हनते, त्याचाच हात कच्चा होता. मीबी तेच म्हनतो. काय करता!"

"दादा, हात कच्चा नोयता." भोजराज बाजेच्या कडेवर टेकला. "तार कोनाचीबी तुटते. माझीबी तुटली होती. तार तुटल्यावर गाडी थांबवनारा तुकडा म्या कागदावर काढलाच नाही."

इतवारीचे हात थांबले.

"मंजे त्यानं बराबर जोडलं होतं?"

"कागदावर होतं तसंच. एक तार इकडची तिकडं नाही."

इतवारीनं दाराकडे तोंड करून बायकोला हाक दिली, "अवो रेवता, आयकलं का? आपल्या पोट्ट्यानं काही चुकवलं नोयतं."

आतून हंबरडा आला. इतवारीनं जाळं बाजूला ठेवलं. भोजराजकडे न पाहता म्हणाला, "येऊन सांगतलं, बरं केलं. आता जा, भाऊ. मले तुमच्याकडं पाहवत नाही."

भोजराज उठला. परतीच्या बसला अजून दीड तास होता. जवळची वाट तलावाच्या पाळीवरून जात होती; तो तलावाला वळसा घालून, लांबच्या रस्त्यानं स्टँडवर गेला.