सातव्या बहिणीची गोष्ट

"व्हय म्हण की!"

गोष्ट सांगताना प्रत्येक वाक्यानंतर माझे वयस्कर सहकारी थांबत आणि कात्रीची मूठ टेबलावर आपटत. समोरच्याने 'व्हय' म्हटल्याशिवाय पुढचे वाक्य येत नसे.

कोल्हापुरात आमच्या वृत्तपत्राच्या कचेरीत ते कात्रणे सांभाळत. माझे टेबल त्यांच्या शेजारी होते. पहिल्या दिवशी मी ऐकताना नुसती मान हलवली.

"मान काय हलवतोस नंदीबैलावानी? त्वांडानं म्हण. हुंकार न्हाय मिळाला की गोष्टीला वाटतंय, माणूस उठून गेलं."

त्यांचे गाव गगनबावड्याच्या बाजूचे. धरण झाले, खालची वस्ती बुडाली आणि वरच्या टेकडीचे बेट झाले. मोजकी घरे उरली. जायचे तर होडीने. नोकरीसाठी ते शहरात आले, पण धुक्याविषयी अजून पाहुण्याबद्दल बोलावे तसे बोलत. "सकाळी पाण्यावर बसतंय. ऊन तापलं की उठतंय. जाताना झाडांस्नी हात लावून जातंय." आमच्या अंकात 'दाट धुके' एवढेच छापून येई. ते कात्रण चिकटवताना ते कुरकुरत, "आलं कवा, गेलं कवा, कायबी न्हाय. ही कसली बातमी?"

गोष्टी त्यांना आईकडून आल्या होत्या. पोहत माहेरी जाणाऱ्या म्हशीची, पाण्याखाली अजून फिरणाऱ्या जात्याची. सगळ्यांत मोठी साती आसरांची, म्हणजे नदीच्या डोहात राहणाऱ्या सात देवी-बहिणींची. धरणात डोहच बुडाला तेव्हा सहा जणी टेकडीवर आल्या. सातवी खालीच राहिली. ती का राहिली, ते गोष्टीच्या शेवटी येते.

तो शेवट कचेरीत कधी आला नाही. फोन वाजे, कुणी मजकूर मागे, माझा हुंकार चुके. मग ते कात्री उचलत. "आता पयल्यापासनं."

"जिथं थांबलात तिथून सांगा की."

"अर्ध्यात चिकटवायला ते काय कात्रण हाय?"

पूर्ण गोष्ट ऐकणारी एकच व्यक्ती होती, त्यांची थोरली बहीण. ती बेटावरच राहिली होती. दर उन्हाळ्यात ते होडीने जात आणि तिला गोष्ट सांगत. "तिला शेवट पाठ हाय. तरीबी 'व्हय, मग?' म्हणती."

ते निवृत्त झाले. काचबिंदूने दृष्टी गेली. बहीण वारली, आणि बेटावरची उरलेली घरेही एकेक करून बंद झाली. मग एक दिवस त्यांच्या मुलाचा मला फोन आला. बाबांनी निरोप दिला होता, "सातवीची गोष्ट घिऊन जा. तिकडं आता ऐकायला कुत्रंबी न्हाय."

मी दुपारी त्यांच्या शहरातल्या घरी गेलो. ते खाटेवर बसले होते. अंगाने निम्मे झाले होते, आवाज मात्र तोच होता. मी मोबाइल त्यांच्याजवळ ठेवून रेकॉर्डिंग सुरू केले. आम्हा पत्रकारांना शिकवलेला नियम असा, की मुलाखतीच्या ध्वनिमुद्रणात आपला आवाज येऊ द्यायचा नाही. बोलणारा थांबला तर मान हलवायची, तो पुढे बोलतो.

त्यांनी सुरुवात केली. वाक्य संपले, थांबले. मी मान हलवली. ते चाचपडत पुढचे वाक्य बोलले. सहा बहिणी टेकडी चढल्या. थांबले. मी मान हलवली. सातवी पाण्याच्या कडेला उभी राहिली आणि मागे वळून बघू लागली. ते पुन्हा थांबले.

"हाईस न्हवं?"

मी मोबाइलकडे बोट केले. त्यांना दिसत नाही, हे मला माहीत होते. त्या क्षणी आठवले नाही.

"गेला वाटतं," ते स्वतःशी म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

मग मी "व्हय" म्हणालो. दोनदा म्हणालो.

"आता न्हाय बाबा," ते म्हणाले. "पयल्यापासनं सांगायला दम न्हाय."

मी पुन्हा जायचे ठरवले होते. त्याआधी त्यांच्या जाण्याची बातमी आली. आमच्याच अंकात चार ओळी छापून आल्या. त्या कापून ठेवायला कात्रण विभाग उरलेला नव्हता.

ते ध्वनिमुद्रण माझ्याकडे आहे. सातवी पाण्याच्या कडेला उभी आहे. "हाईस न्हवं?" असे त्यांनी विचारल्यावर बराच वेळ पंख्याचा आवाज येतो. मुद्रण अगदी स्वच्छ झाले आहे. तिथवर माझा आवाज कुठेही नाही.