अक्कांनी बदललेली पाटी

माझ्या थोरल्या जाऊबाई विजयमाला. घरात त्यांना सगळे अक्का म्हणतात. त्यांच्याबद्दल लिही, असं माझी मुलगी देवश्री किती दिवस मागे लागली होती. अक्कांना सांगितलं तर म्हणाल्या, "लिही, पण माझं वजन लिहू नकोस." म्हणून ते सोडून बाकीचं लिहिते.

आमच्या घराण्यातले जुने पुरुष गायकवाड सरकारच्या पागेत होते. थोरले दीर फत्तेसिंहराव मात्र घोड्यावर कधी बसले नाहीत, ते बडोद्यातल्या मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात होते. ब्याण्णव-त्र्याण्णवच्या सुमारास बाहेरचा माल स्वस्तात यायला लागला आणि तो कारखाना बंद पडला. दीर दोन महिने कुणाशी बोलले नाहीत. अक्कांनी बोलायची वाट बघितली नाही. फतेगंजात, युनिव्हर्सिटीच्या मुलांच्या वाटेवर, एक गाळा भाड्याने घेतला आणि खानावळ सुरू केली. दिरांना मेथी निवडायला बसवलं. भिंतीवर तलवारवाल्या पणज्यांचा फोटो आणि त्याच्या खाली मेथी निवडणारे फत्तेसिंहराव! पहिल्या दिवशी त्यांना लाज वाटली, आठव्या दिवसापासून ते मुलांना रागवायला लागले की ताटात भाजी टाकू नका.

अक्कांची भाषा म्हणजे खास बडोद्याची. मराठीत सुरू होते, मध्येच गुजरातीत शिरते आणि हिंदीत संपते. "अरे बेटा, बस ना, गरम रोटली येतेच आहे, क्या जल्दी है?" हे त्यांचं एक वाक्य. केरळचा मुलगा असो की मणिपूरचा, त्याला ते समजतं.

दोन हजार चार साली देवश्रीला एका संस्थेत नोकरी लागली. समुद्रातली कासवं वाचवायचं काम. बडोद्याला समुद्र कुठला, असं मीही विचारलं. संस्थेचं ऑफिस फतेगंजात, काम सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर. पहिल्याच फेरीहून ती आली ती गप्पच होती. अक्कांनी तिच्यापुढे ताट ठेवलं आणि काय झालं ते विचारलं.

"काकी, कोळंबीच्या जाळ्यात कासव आलं होतं. बुडून मेलेलं."

"कासव बुडतं? अगं, मासा तहानेनं मेला म्हणण्यासारखं आहे हे."

"काकी, कासव आपल्यासारखी हवा घेतं. श्वास घ्यायला वर यावं लागतं. बोट ते मोठं जाळं तळातून तासन् तास ओढत नेते. आत अडकलं की वर कसं येणार? मुद्दाम कुणी धरत नाही. पण जीव जातोच ना."

अक्का दर सोमवारी महादेवाला जातात. मंडपातल्या दगडी कासवाला हात लावल्याशिवाय पिंडीकडे बघत नाहीत. त्यांनी देवश्रीच्या ताटात आणखी एक पोळी वाढली. मग म्हणाल्या, "मग हे आपलंच काम झालं. काय करायचं असतं?"

उपाय होता. लोखंडी गजांची एक चौकट जाळ्याच्या गळ्यात बसवायची. कोळंबी गजांमधून मागच्या पिशवीत जाते. कासव मोठं, ते गजांना अडतं आणि वरच्या फटीतून बाहेर पडतं. देवश्री त्या फटीला गुजरातीत बारी म्हणायची, म्हणजे आपली खिडकी. चौकट मकरपुऱ्याच्या एका वर्कशॉपमध्ये तयारही झाली होती. नव्हती ती बोट. जाळ्याला भोक पाडून घ्यायला कुणीच तयार नव्हतं. नारळी पौर्णिमेनंतर बोटी समुद्रात जाणार, त्याआधी एक तरी बोट मिळाली नाही तर संस्था हे काम बंद करणार आणि देवश्रीची नोकरीही जाणार.

मासेमारीच्या बंदीच्या दिवसांत, जुलैमध्ये, संस्थेनं तीन तांडेलांना चौकट बघायला बडोद्याला बोलावलं. तांडेल म्हणजे बोट चालवणारा म्होरक्या. त्यातले वशरामभाई वयानं मोठे. ते हो म्हणाले तर बाकीचे मागे येणार, हे सगळ्यांना माहीत होतं. जेवणाचं काम अक्कांनी आपणहून घेतलं.

समुद्रावरची माणसं म्हणून अक्कांनी हौसेनं पापलेटचं कालवण केलं. बडोद्याच्या बाजारातलं, बर्फातलं पापलेट! वशरामभाईंनी एक घास खाल्ला, ताटाकडे बघितलं, आणि अगदी नम्रपणे म्हणाले, "बेन, आ पापलेट तो मारा करतां मोटुं छे. पगे लागवुं पडशे."

म्हणजे हे पापलेट माझ्यापेक्षा वयानं मोठं, याच्या पाया पडायला हवं. सगळी खानावळ हसली. अक्का सर्वांत जास्त हसल्या आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी भरली वांगी केली. वशरामभाईंनी तीनदा मागून घेतली.

जेवण जमलं, पण काम जमेना. दोन दिवस सभा झाल्या. देवश्रीनं चित्रं दाखवली, कागदाचं कासव करून चौकटीतून काढून दाखवलं. वशरामभाई म्हणायचे, "झींगा पण चतुर छे बेन, बारी जोईने ए पण भागशे." कोळंबीही खिडकी बघून पळेल, ही शंकाही तिनं समजावून फेडली. मग ते चौकटीकडे बघायचे, तोंड फिरवायचे आणि म्हणायचे, "जोईशुं." 'जोईशुं' म्हणजे 'बघू', पण बडोद्यात वाढलेल्या माणसाला त्याचा खरा अर्थ सांगावा लागत नाही. तो नकारच असतो, फक्त धुऊन इस्त्री केलेला.

तिसऱ्या दिवशी दुपारी तांडेलांचं शेवटचं जेवण. संध्याकाळी त्यांची बस होती. मीही वाढायला गेले होते. कोपऱ्यात ती चौकट टेकवून ठेवलेली. तिच्या वरच्या बाजूला देवश्रीनं मोठ्या हौसेनं पत्र्याची पाटी लावून घेतली होती, 'काचबो जाय, झींगा रहे'. कासव जातं, कोळंबी राहते. तिला वाटायचं, यमक नसलं तरी ठसका आहे.

देवश्रीचं तोंड उतरलेलं. ऑफिसात जाऊन, कुणी तयार नाही, असं सांगायचं होतं. तिनं चपलेत पाय घातला आणि म्हणाली, "जाते मी काकी."

आतून अक्का डाव हातात घेऊनच आल्या. "काय म्हणालीस?"

"ऑफिसात जाते."

"आधी आत ये. ये म्हणते ना! आता उंबऱ्यावरून नीट नीघ. घरातून निघताना कुणी जाते म्हणतं का गं? येते म्हणावं. एवढी शिकलीस ती काय..."

"येते काकी. येते, येते, येते. झालं?"

"आता कशी!"

वशरामभाई घास हातात धरून बघत होते. मुलीला का रागावता, असं त्यांनी विचारलं. "शुं थयुं बेन? छोकरीने केम वढो छो?"

अक्कांनी आपल्या गुजरातीत सांगितलं, "अमारामां 'जाउं छुं' नथी बोलता, भाई. अपशकुन. 'येते' बोलवानुं, एटले के पाछी आवुं छुं."

वशरामभाईंनी घास ताटात ठेवला. चौकटीकडे बोट केलं. "तो बेन, घरमां ना पाडो छो, अने मारी बोट पर केम लखो छो?"

घरात नको म्हणता, मग माझ्या बोटीवर का लिहिता? कुणाला काही कळेना. मग ते हळूहळू बोलले. त्यांच्याकडे बोट बंदरातून सुटली की ती परत येईपर्यंत 'जा' हा शब्द कुणी काढत नाही. बायका ओट्यावरून 'आवजो' म्हणतात, परत या. आणि आम्ही 'जाय' हा शब्द रंगवून त्यांच्या जाळ्याच्या तोंडाशी बांधायला सांगत होतो! मग कासवच काय, बोटीचं दैवही निघून गेलं तर?

"मग वशरामकाका, दोन दिवस बोलला का नाहीत?" देवश्री एका पायात चप्पल घालून तशीच उभी.

"एवुं कांई मोढेथी बोलाय, दीकरी?"

असलं तोंडानं कसं बोलायचं, हेही बरोबरच. देवश्री मराठीत विचार करून गुजरातीत लिहीत होती आणि घरात लहानपणापासून ज्या शब्दावरून बोलणी खाल्ली, तोच तिनं पाटीवर लिहिला होता.

"अगं मग बघत काय बसलीस?" अक्का म्हणाल्या. "आवजो लिहा! कासव आहे, येऊन जाऊन असणारच. अहो, ऐकलं का? हिरव्या रंगाचा डबा आणि ब्रश!"

दिरांचं अक्षर मोत्यासारखं. त्यांनी पाटी काढली, जुनी अक्षरं खरवडून काढली आणि मांडी घालून लिहायला बसले, 'काचबाभाई, आवजो'.

वशरामभाईंनी मान हलवली. "भाई नहीं. बेन लखो. ईंडां मूकवा तो ए आवे छे."

"अंडी घालायला येते ती मादीच, हे मात्र खरं," म्हणत दिरांनी 'भाई' खोडून 'बेन' केलं. पाटी थोडी माखली, पण वशरामभाईंनी ती लांब धरून दोनदा वाचली.

"एक फेरी," ते म्हणाले. "मारी बोट. पण झींगा ओछा पड्या तो काढी नाखीश, पछी मने कहेता नहीं." म्हणजे कोळंबी कमी मिळाली तर चौकट काढून टाकणार, मग बोल लावायचा नाही.

संध्याकाळी बसच्या टपावर चौकट चढली. अक्कांनी तिला हळद-कुंकू लावलं. कंडक्टर म्हणाला, "मासी, आ शुं, जेलनो दरवाजो?" अक्का म्हणाल्या, "ना बेटा, जेलमधून सुटायचा."

नारळी पौर्णिमेला देवश्री किनाऱ्यावर गेली, मग बोटी समुद्रात गेल्या आणि आमच्या जिवाला घोर लागला. मी रोज देवाजवळ दिवा लावताना मागणं मागायची. देवाला कासवासाठी मागायचं की मुलीच्या नोकरीसाठी, ते त्याच्यावरच सोपवायची. तिचा फोन आला तो खानावळीत, आईकडे नाही. अक्कांनी मला निरोप पाठवून बोलावून घेतलं आणि तिला फोनवर पुन्हा सगळं सांगायला लावलं.

खिडकीतून काय निसटतं ते कळावं म्हणून त्या फेरीत फटीवर बाहेरून आणखी एक बारीक जाळं बांधलं होतं आणि जाळं लवकर लवकर वर घेत होते. वर काढलं तर त्या बाहेरच्या जाळ्यात परातीएवढं कासव, जिवंत, पंखांसारखे पाय आपटत होतं. सोबत निसटलेली कोळंबी किती, तर एका माणसाच्या जेवणापुरती. बाकीची सगळी आत पिशवीत. कासव पाण्यात सोडल्यावर वशरामभाईंनी पिशवी उघडली, कोळंबीत हात घालून बघितला आणि खलाशांना म्हणाले, चौकट घट्ट बांधा, ही आता इथंच राहील. बंदरात आल्यावर त्यांनीच बाकीच्या दोघांना बोलावून दाखवली.

संस्थेनं काम पुढे चालू ठेवलं. आणखी चौकटी मकरपुऱ्यात सांगितल्या. देवश्रीला किनाऱ्यावरच खोली घेऊन दिली आणि त्या दिवाळीला ती घरी आली नाही. करंज्या करायला मी अक्कांकडे गेले तेव्हा मला राहवलं नाही.

"तुमच्यामुळे झालं सगळं. तुम्ही तिला दारात अडवली नसतीत तर पोरगी आज घरी असती."

"असती की, तोंड पाडून बसलेली," अक्का म्हणाल्या. "रडू नकोस, सारणात पाणी होईल. भरभर भर. डबा संध्याकाळच्या बसला द्यायचाय, आणि वशरामभाईंच्या घरासाठी निराळ्या बांधायच्यात."