पाचवं नाव

दमयंतीवहिनी कशालाच घाबरत नाहीत, असा आमच्या वाडीचा समज होता. पडवीत शिरलेली घोणस त्यांनी काठीने बाहेर घालवली, ग्रामसभेत भल्याभल्यांना झापलं, आणि माझ्या पेटीला तर त्या चौदा वर्षं रेकणारी म्हैसच म्हणत आल्या आहेत. पण त्यांचा गळा असा खणखणीत, की मी मुकाट्याने ऐकून घेतो.

मंडणगडपासून बरीच आत आमची वाडी. चौथऱ्यावर एक काळा दगड आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या मोठ्या लढाईला, म्हणजे पहिल्या महायुद्धाला, इथून सतरा जण गेले, त्यातले पाच परतले नाहीत. त्या पाचांची नावं दगडावर आहेत. दर त्रिपुरी पौर्णिमेला तिन्हीसांजेला आमच्या बायकांची भजनमंडळी तिथे एक जुनं गाणं म्हणते. वहिनी एकेक नाव उचलतात आणि बाकीच्या मागून धरतात, ‘ये रे घरा, ये रे घरा, दिवेलागण झाली.’

पाचवं नाव आत्मारामचं. तो वहिनींच्या सासरचा. त्यांना मुलगा झाला तेव्हा मथुराआत्यांनी, म्हणजे त्या आत्मारामच्या पुतणीने, पाळण्यात तेच नाव ठेवलं. शाळेत पोरं त्याला ‘आजोबा’ म्हणून चिडवायची. आता हा आत्माराम मालवाहू जहाजावर आहे. यंदा त्याचं जहाज जिथून जात होतं, त्या समुद्रात जहाजांवर क्षेपणास्त्रं पडत होती. पौर्णिमेपर्यंत सहा दिवस त्याचा फोन नव्हता. कंपनीचा माणूस रोज एकच सांगे, ‘कळवतो.’

त्या सहा दिवसांत वहिनी ओळखू येईनाशा झाल्या. जेवताना फोन ताटाशेजारी. दारात कुणी हाक मारली की हातातलं भांडं सुटायचं. पौर्णिमेच्या दुपारी माझ्याकडे आल्या.

‘भावोजी, चारच नावा घेऊ. पाचवा माझ्या तोंडातून नाय निघायचा. जित्या पोराचा नाव मेलेल्यांत कसा घेऊ?’

मी लगेच हो म्हटलं. खरं सांगतो, ते नाव ऐकायची मलाही धास्ती वाटत होती.

संध्याकाळी चार नावं झाली. मी पेटीचा भाता लावून घेतला. प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसलेल्या मथुराआत्या, वय अठ्ठ्याऐंशी, म्हणाल्या, ‘माझ्या काकाचा ऱ्हायला.’

वहिनी त्यांच्या पायाशी बसल्या आणि हळू आवाजात सगळं सांगितलं.

‘मेलेल्यांचा गाना म्हनून कोनी सांगितलान तुला?’ आत्या म्हणाल्या. ‘माझ्या आजीनं ता बाणकोटच्या बंदरावर म्हटलान. तवा सगळे जिते होते. पोरगा घरी येवा म्हनून ती हाक मारायची.’

वहिनींचा चेहरा जरा उजळला. मग त्यांनी दगडाकडे पाहिलं.

‘म्हंजे तिनं पन अशीच हाक मारलीन होती.’

आत्यांनी मान डोलावली.

वहिनी उठल्या. पदराचं टोक मुठीत आवळून त्यांनी आत्मारामचं नाव घेतलं. चौदा वर्षांत पहिल्यांदा त्यांचा सूर सुटला. मी पट्टी शोधत राहिलो. मागून धरायचं, तर बायकांच्या तोंडून आवाजच फुटेना. सगळ्या भ्यायल्या होत्या. मग वहिनींनी एकटीनेच म्हटलं, ‘ये रे घरा.’ दुसऱ्या खेपेला एकीने धरलं, तिसऱ्या खेपेला सगळ्यांनी.

एका नावाला तीनदा म्हणायचं असा आमचा रिवाज. तीनदा झालं, सातदा झालं, वहिनी थांबेनात. पणत्यांतलं तेल संपत आलं. फोन त्यांच्या कमरेला खोचलेला होता आणि एक हात त्याच्यावर घट्ट धरलेला. पुरे म्हणायची कुणाची छाती झाली नाही. मीही भाता ओढत राहिलो. गाणं थांबलं असतं, तर तो फोन वाजत नाही हे सगळ्यांना ऐकू आलं असतं.