बिघडलं तरच

जेवायला बसताना वृषाली फोन पालथा ठेवायची. तो पालथाही थरथरायचा, आणि हातातला घास तसाच धरून ती त्याच्याकडे डोळे वटारून बघायची. ही माझ्या भावाची लेक. आईबाप गेल्यावर पिंपळगाव राजाहून माझ्याकडे नांदुऱ्याला आली आणि पुण्याच्या एका कंपनीचं काम आमच्या माडीवरून करू लागली. तिकडे कुणी प्रोग्रॅममध्ये काहीही बदललं, की एक मशीन आपोआप सगळं जुळवून बघायचं आणि सगळ्यांना ईमेल करायचं. जुळलं तरी ईमेल, मोडलं तरी ईमेल.

"ज्यानं मोडलं त्याले सांग ना बाप्पा," ती चिडायची. "साऱ्या गावाले काऊन? या गर्दीत खरं मोडलेलं पाहाचं राहून जाते आत्या."

शेवटी तिनं त्या मशीनला वळण लावलं. बिघडलं तरच कळवायचं, तेही ज्यानं बिघडवलं त्यालाच. त्या दिवशी बाईसाहेब भाकरी शेवटपर्यंत गरम जेवल्या.

मला हसू आलं. आज नातवंडांची आजी असले तरी नवी नवरी असताना मी तसलंच मशीन होते. पिंपळगावला जाणाऱ्या एसटीच्या कंडक्टरजवळ रोज निरोप: "बाबाले सांगा, मी बरी आहे." आपण बऱ्या आहोत, ही पिंपळगावात मोठी बातमी आहे असा माझा समज. एकदा कंडक्टर वैतागला, "वहिनी, काही झालं तं सांगा. नाही झालं ते काय सांगू?" मी फुगून बसले, निरोप दिला नाही. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं बाबा दारात हजर, चेहरा पांढराफटक.

हे ऐकून वृषाली पोट धरून हसली होती. "तुह्या मशीनले कोणी वळणच नाही लावलं वं आत्या."

मग तिला रक्ताचा आजार निघाला. उपचारांसाठी ती पुण्याला मैत्रिणीकडे राहिली. मी सकाळ-संध्याकाळ फोन करायची. ताप उतरला का, पोटात काही गेलं का.

एकदा ती थकून म्हणाली, "आत्या, 'बरी आहे' सांगाले बी ताकद लागते. फोन नाही आला म्हंजे ठीक समज. बिघडलं तं मीच सांगीन."

मी तिचं ऐकलं. शेजारणींनी विचारलं की ऐटीत सांगायची, "फोन नाही, म्हंजे बरी आहे." भाजी निवडताना फोन मांडीशी असायचा. तो गप्प असला की मी निर्धास्त.

एका दुपारी तो वाजला. नाव वृषालीचं, आवाज मैत्रिणीचा. सगळं संपलं होतं. शेवटी शेवटी वृषाली शुद्धीवरच नव्हती.

"तुमचा फोन आला नाही आत्या," ती पोरगी रडत म्हणाली, "मला वाटलं, शुद्धीत असताना तिनंच तुम्हाला फोन करून सगळं सांगितलंय."

बाबा निघाले होते ते निरोप आला नाही म्हणून. आणि पुण्याची गाडी तर आमच्या स्टेशनात रोज थांबते.