आजोबांची हयात बायको

आजोबा वारून वीस वर्षं झाल्यावर आम्हाला कळलं, की त्यांची एक बायको हयात आहे.

हे कळवलं निजाम सरकारनं. (तेही जाऊन तीसेक वर्षं झाली होती.) आणि शोधून काढलं मी! एक्याऐंशीच्या जनगणनेत मास्तर म्हणून घरोघर फिरलो, लोकांचे 'विवाहित की अविवाहित' असले रकाने भरले, तेव्हापासून वंशावळीचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं होतं. गावच्या पाटलांच्या माळ्यावर मला जुन्या खानेसुमारीची, म्हणजे निजामाच्या काळातल्या जनगणनेची, एक उर्दू वही सापडली. तेव्हाच धाकट्या बहिणीची, कमलची, सोयरीक पालमच्या घरात जुळत आली होती. आजी, वडील कुणीच उरलं नव्हतं, सगळी जबाबदारी माझी. पाव्हण्यांवर छाप पडावी म्हणून सुपारी फोडायच्या दिवशीच मी ती वही बैठकीत वाचायला काढली. मला उर्दू येत नाही, म्हणून मुन्शीचाचांना बोलावलं. आधी एकदा एकट्यानं वाचून घ्यावी, हे काही सुचलं नाही.

चाचांनी चष्मा पुसला आणि आजोबांची नोंद काढली. "लग्नं चार. बायका मयत दोन, हयात दोन."

चहाच्या बशा तोंडाजवळच थांबल्या. आजोबांच्या दोन बायका एकामागून एक वारल्या आणि मग आमची आजी आली, एवढंच घरात ठाऊक होतं. मग ही आणखी एक कोण?

"एक घरी," चाचा वाचतच होते, "दुसरी पालमच्या वाटेवर, शेतात."

"चाचा, बास!"

"अजून हाय की बेटा!"

मुलाचे काका बाबाराव टोपी सावरत पुढं सरकले. "मास्तर, पालमच्या वाटेवरची म्हंजी आमच्याकडचीच की! तिला लेकरंबाळं झाली आसतील. उद्या नवरा-नवरी भाऊ-बहीण निघाले तर?"

"छे हो, लिहिण्यात काहीतरी चूक..."

"सरकारी वहीत? आठ दिवस देतो. बाई कोण ते सांगा, मगच सुपारी."

न फुटलेली सुपारी त्यांच्या खिशात परत गेली. कमल दारामागून सगळं ऐकत होती. "दादा, तुला दुसरा काई धंदा न्हवता?" एवढंच म्हणाली आणि आत जाऊन रडत बसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरीला मुलगा मनापासून आवडला होता.

दुसऱ्या दिवशी मी पालमला. गल्लीत दिसेल त्या म्हातारीला गाठायचं आणि विचारायचं, "मावशी, तुमच्या मालकांचं नाव काय?"

"मेल्या, ह्या वयात नाव घ्यायला लावायलास?" पहिलीनं खराटा उचलला. दुसरीनं लाजून उखाणाच घेतला! (नाव आजोबांचं नव्हतं.) तिसरीच्या नातवांनी मला एस.टी.पर्यंत पोचवलं, पळवत! पाचव्या दिवशी तर एक अनोळखी म्हातारा "मीच तिचा लेक" म्हणत आमच्या ओट्यावर येऊन बसला आणि दोन वेळा जेवून गेला.

माझी झोप तर पहिल्याच रात्री उडाली होती. त्याच पहाटे मारुतीला नवस बोललो, रोज रुईच्या पानांची माळ घालीन, पण आजी सापडू दे! आमच्या शेताच्या बांधावर रुईचं जुनं, दांडगं झाड होतं. रोज सकाळी टोपली भरून पानं तोडायची आणि देऊळ गाठायचं. सेलूच्या आत्याला तेवढं विचारलं नव्हतं, कारण आत्याला सांगणं म्हणजे दवंडी पिटणं.

आठव्या सकाळी आत्याच बांधावर हजर! कमलनं गुपचूप पत्र टाकलं होतं.

"आजीला हुडकायलास म्हनं?"

"तू ओळखतेस तिला?" मी टोपली खाली ठेवली.

"आरं मुडद्या, तिचीच पानं वरबाडायलास की!"

मी झाडाकडं पाहिलं. आमचं शेत पालमच्या वाटेवरच की! झाडावर आता शेंड्याची चार पानं उरली होती.

"दोन बायका मेल्या की तिसरी जगत न्हाई म्हनतेत," आत्या सांगू लागली. "म्हून आमच्या बापाचं तिसरं लगीन लावलं ह्या रुईसंगं. माझी आई चवथी. कारकुनानं इचारलं, बायका किती? बाप लय खरं बोलनारा. त्यानं जे हाय ते सांगितलं, अन् त्या मुडद्यानं जसंच्या तसं लिवलं!"

संध्याकाळी बाबारावांना बांधावर आणलं. ते इतके हसले, की टोपी तुरीत जाऊन पडली. सुपारी तिथंच फुटली. "पर मास्तर, मानाचा पहिला खण ह्या आजीला!" त्यांनी बजावलं. कमलनं तो स्वतःच्या हातानं रुईला बांधला आणि पहिल्यांदाच माझ्याकडं बघून हसली.

त्यानंतर महिनाभर मी मारुतीच्या देवळाकडं फिरकलो नाही. कोणत्या तोंडानं जाणार? तो बिचारा जन्माचा ब्रह्मचारी, आणि मी आठ दिवस रोज सकाळी आमची आजी त्याच्या गळ्यात घालत होतो!