गुणाबाईंनी टीव्ही बदलला

दुसऱ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि शिरढोणच्या गुणाबाईंनी घरी आल्या आल्या पहिली तक्रार केली ती टीव्हीची.

"मनिषे, या टीव्हीला काय झालंय गं? सगळ्यांची तोंडं पिठात बुडवल्यासारखी दिसतायत."

सून हसायला लागली. "आई, टीव्ही पहिल्यापासून असाच आहे. तुम्हाला आता दिसायला लागलंय."

गुणाबाईंचं माहेर उरणकडचं, मिठागरावरचं. लहानपणी उन्हात मीठ इतकं चमकायचं की डोळे बारीक करूनच पाट्या वाहायच्या. लग्न होऊन शिरढोणला आल्या, भातशेती केली, पुढे पनवेलच्या बाजारात भाजी विकली. या सगळ्या धबडग्यात त्यांना एकच नाद होता, तो कबड्डीचा. त्यांच्या वेळी पोरींना मैदानात कोण उतरू देणार? कापणी झालेल्या शेतात, पुरुषमाणसं बाजाराला गेली की, मैत्रिणींबरोबर चार चढाया मारून घ्यायच्या, बस्स. म्हणून नात समृद्धी शाळेच्या संघात आली तेव्हा तिला सरावाला नेण्या-आणण्याचं काम गुणाबाईंनी हट्टानं स्वतःकडे घेतलं.

पण नात खेळायला लागली आणि आजीच्या डोळ्यांवर मोतीबिंदूचा पडदा आला. सामन्याला त्या जायच्या, पहिल्या रांगेत बसायच्या आणि शेजारच्या बाईला विचारत राहायच्या, "आता कोण गेली? समृद्धी का?" दिसायचे ते नुसते रंग. टाळ्या वाजल्या की त्या टाळ्या वाजवायच्या. नातीला पळताना, उडी मारताना, पडून उठताना त्यांनी नीट असं कधी पाहिलंच नव्हतं.

आणि आता समृद्धीची राज्याच्या संघात निवड झाली होती. स्पर्धा पार दुसऱ्या राज्यात, पण सामने टीव्हीवर दिसणार होते.

"नवीन टीव्ही घ्यायचा," गुणाबाईंनी जाहीर केलं. "आन आवाजाची ती पेटी पण. मैदानात बसल्यासारखं वाटलं पायजे."

मुलगा जीवन तळोज्याच्या कारखान्यात पाळीवर होता, तेव्हा सासू-सुनाच पनवेलच्या दुकानात गेल्या. दुकानात शिरल्याबरोबर गुणाबाई थबकल्या. भिंतभर टीव्ही, प्रत्येकात निळंशार पाणी, पोपट, फुलं. पोपटाच्या पंखावरचं पीस न् पीस दिसत होतं. "अगो बाय!" त्या म्हणाल्या आणि सरळ सगळ्यात मोठ्या टीव्हीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "यो बांध."

उदयसिंह नावाचा विक्रेता होता, गोड माणूस. "मावशी, घरी टीव्हीपासून किती लांब बसता?"

मनिषानं दुकानातच पावलं टाकून दाखवलं. उदयसिंहनं त्या अंतरावर खुर्ची मांडली आणि गुणाबाईंना बसवलं. "आता खेळाडू इकडून तिकडे पळतायत असं समजा आणि बघा."

गुणाबाईंची मान गरागरा फिरायला लागली. शेवटी त्या स्वतःच हसल्या. "नको रं बाळा. सामना संपेतो मान मोडल."

मग मधल्या मापाचा ठरला. खेळ बघायचा म्हणजे पळणारी माणसं फरफटल्यासारखी दिसायला नकोत, हे उदयसिंहनं समजावलं आणि दोन टीव्हींवर एकच धावण्याची शर्यत लावून फरक दाखवला. गुणाबाईंनी पुढे वाकून दोन्हीकडचे पाय निरखले आणि डावीकडचा पसंत केला.

आवाजाच्या खोलीत मात्र खटका उडाला. उदयसिंहनं कौतुकानं एका सिनेमातला स्फोट लावला. खोली हादरली, मनिषानं कान झाकले.

"बाँब नको," गुणाबाई म्हणाल्या. "कबड्डी लाव. चढाईवालीचा दम ऐकू आला पायजे."

उदयसिंहनं मोबाइलवर शोधून एक सामना लावला. पहिल्या संचात नुसता गलका. दुसरा टीव्हीखाली ठेवायचा एकच लांब स्पीकर होता; त्यात दम ऐकू आला, पण गर्दीचा आवाजही समोरूनच आला. तिसऱ्यात पाच छोटे स्पीकर आणि कोपऱ्यात एक जाडा ठोकळा. "माणसाचा आवाज या मधल्यातून येतो," उदयसिंह म्हणाला, "आणि पब्लिक मागच्या दोघांतून." त्यानं बटण दाबलं. समोरून दबका, सलग "कबड्डी-कबड्डी-कबड्डी", आणि पाठीमागून एकदम आरडाओरडा! गुणाबाईंनी मागे वळून पाहिलं. मागे फक्त पंख्यांची खोकी होती.

"ह्योच!" त्यांनी खुर्चीच्या हातावर थाप मारली.

सामान घरी आलं, भिंतीवर चढलं, गल्लीतल्या बायका बघायला जमल्या. टीव्ही सुरू झाला आणि सगळ्यांचे चेहरे उतरले. चित्र तेच, पिठात बुडवलेलं, फक्त आता भिंतभर.

"दुकानात पोपट केवढा साफ दिसत हुता," गुणाबाई हिरमुसून म्हणाल्या.

डिशवाला विनायक दुसऱ्या दिवशी सकाळी आला. सामनाही त्याच दिवशी दुपारी. त्यानं टीव्हीमागे हात घातला आणि लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरी बाहेर काढल्या. "टीव्ही नवीन, पण डिशचा डबा जुना. हा बिचारा एचडी देणार कुठून?" त्यानं नवा डबा लावला, एकच जाड केबल जोडली, खेळाचा एचडी चॅनल सुरू करून घेतला. चित्र उमटलं, लख्ख, आणि लगेच चौकोन चौकोन होऊन फुटलं. मग पडदा काळा.

"आता काय झालं?" गुणाबाई पडद्याजवळ गेल्या.

विनायक आणि मनिषा गच्चीवर धावले. पावसासाठी गच्चीवर पत्र्याची शेड टाकली होती आणि डिशची छत्री त्या पत्र्याच्या काठाआड अर्धी लपली होती. विनायकनं ती सोडवली, बाहेरच्या कठड्यावर बसवली आणि तसूतसूनं फिरवायला लागला. मनिषा फोन कानाला लावून उभी, खाली गुणाबाई पडद्यावरच्या सिग्नलच्या पट्टीसमोर.

"आई, पट्टी कशी आहे?"

"लाल हाय!"

"आता?"

"वाढली! वाढली! अरे गेली, मागं घे!"

"आता बघा!"

मनिषानं फोन कानाशी घट्ट धरला. "आई?"

"हिरवी झाली गं," गुणाबाई हळूच म्हणाल्या, जणू मोठ्यानं बोललं तर पुन्हा जाईल. "मैदान दिसतंय. खुर्च्यांवरचे नंबर पण दिसतायत."

दुपारी खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. विनायकसुद्धा पुढचं काम सोडून दारात टेकून उभा राहिला. खेळाडू रांगेनं आत आल्या आणि गुणाबाईंना समृद्धी दिसली. केस घट्ट बांधलेले, हनुवटीवर लहानपणी पडल्याची खूण. चढाईला निघताना तिनं मातीला नाही, मॅटला हात लावला आणि कपाळाला नेला.

"माझ्यासारखीच वाकते," गुणाबाई म्हणाल्या आणि पुढे सरकून बसल्या.

सामना अटीतटीचा झाला. कधी या संघाचा गुण, कधी त्या. मागच्या स्पीकरमधून गर्दी ओरडायची, तिच्यात खोलीतल्या बायकांचा आवाज मिसळायचा आणि मैदान कुठलं, घर कुठलं ते कळेनासं व्हायचं. शेवटच्या चढाईला गुण बरोबरीत होते. समृद्धी आत शिरली. तिचा दम समोरच्या स्पीकरमधून सुईसारखा येत होता.

"डाव्या कोपऱ्यातली टाच उचलतेय!" गुणाबाई उभ्याच राहिल्या. "येतेय बग ती! उडी मार!"

कोपऱ्यातली खेळाडू पायावर झेपावली. समृद्धी तिच्या पाठीला हात लावून वरून उडाली, आडवी पडली आणि तिची बोटं मधल्या रेषेपलीकडे गेली. ती बोटं साऱ्या खोलीला दिसली, पंचांनी हात वर करायच्या आधीच. एकच कल्ला झाला. मनिषानं विनायकला मिठीच मारली, मग लाजून बाजूला झाली. कारखान्याच्या कँटीनमधून जीवनचा फोन आला, पण त्याचं बोलणं कुणाला ऐकूच जाईना.

संध्याकाळी समृद्धीचा फोन आला. "आजी, जिंकलो! बघितलंस?"

"बगितलं. झकास खेळलीस." गुणाबाईंनी डोळ्यांचं पाणी पदरानं टिपलं आणि आवाज घट्ट केला. "पण बोनसची रेष ओलांडताना मागचा पाय उशिरा उचलतेस तू. दोनदा गुण गेला तुझा."

पलीकडे समृद्धी मैत्रिणींना ओरडून सांगत असल्याचं ऐकू आलं, "अगं, आजीला माझा पाय दिसला! आजीला दिसला!"