जज्जसाहेबांचा निरोप समारंभ

आता काय सांगू तुम्हाला, शहाणपणा करायला गेले आणि भर शाळेत पदरात तोंड लपवायची पाळी आली!

माझी स्वरा तिसरीत. शाळेत भाषणस्पर्धा ठरली, 'परदेशातली थोर माणसं'. बाईंनी चिठ्ठ्या काढायला लावल्या. कुणाला शास्त्रज्ञ आला, कुणाला खेळाडू. आमच्या पोरीच्या नशिबी कोण? अमेरिकेतला दीडशे वर्षांपूर्वीचा जज्ज! डोळखांबसारख्या खेड्यातल्या पोरीने त्याचं करायचं काय?

मला तर घामच फुटला. मी शिकलेली सातवी. पोरगी जरा अडखळली की सगळ्या आया म्हणणार, घरात शिकवायला आहे कोण!

आमच्या ह्यांनी मोबाईलवर माहिती काढली. "हा कालेजात गेलाच नाय. एका वकिलाच्या हापिसात बसून कायदा शिकला नि जज्ज झाला. मरेपर्यंत जज्जच!"

"कायतरीच काय! आपल्याकडं शिपायाला पण दहावी मागतात."

"अगो, असाच लिवलाय."

"लिवणाऱ्याला काय कळतंय? नि मरेपर्यंत खुर्ची? रिटायर नाय व्हायचा?"

झालं! मी पेन घेतलं. आधी त्याला कॉलेजात घातलं, फर्स्ट क्लासात पास केलं. थोर माणूस आणि नदी पोहून शाळेत गेला नाही, असं कधी असतं का? म्हणून भर पुरात, डोक्यावर दप्तर बांधून पोहायला लावलं. प्रामाणिक होता, म्हणून तीन बदल्या केल्या. अठ्ठावन्नाव्या वर्षी शाल-श्रीफळ देऊन निरोप समारंभ! बायकोला रडवलंसुद्धा.

"पेन्शन पण चालू कर त्याची," हे म्हणाले.

"केलीय!"

स्पर्धेच्या दिवशी पाहुणे म्हणून मुरबाडच्या कोर्टातले वकील आले होते. स्वरा घडाघडा बोलली. काय त्या टाळ्या! शेजारी बसलेली एका पोराची आई म्हणाली, "मस्त लिवलंय गो! कुणी लिवून दिलं?"

"मीच!" सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने बोलले.

मग वकीलसाहेब उठले. "बाळा, छान बोललीस. पण त्या काळी तिकडं पुष्कळ जज्ज कॉलेजची पायरी न चढताच झाले. वकिलाच्या हाताखाली शिकायचे. आणि यांची नेमणूक तर आयुष्यभराची होती. मग यांना रिटायर कुणी केलं?"

स्वराने सरळ माझ्याकडं बोट केलं. "माझ्या आईने!"

सगळी शाळा हसली हो! खुद्द बाईंनी डोळे पुसले. नंबर तर गेलाच.

घरी येताना गाडीवर ह्यांचे खांदे हसून हलत होते. शेवटी मीच म्हटलं, "बोला की! काय ते एकदा बोलून टाका."

"काय बोलू? सातवी शिकलेल्या बाईच्या बाजूने उभा राहील असा अख्ख्या अमेरिकेत एक जज्ज गावला होता. त्यालाच तू डिग्री देऊन घरी बसवलास!"